ई-स्पोर्ट्स स्पर्धेचे थेट प्रक्षेपण: प्रकाशकाचा परवाना मिळवण्यापासून तो सांभाळण्यापर्यंत

इंडियन प्रीमियर लीगच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे माध्यम हक्क भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ४८,३९० कोटी रुपयांना विकले. आकडा डोळे दिपवणारा असला, तरी मंडळाने विकले ते आपल्या स्पर्धेचे चित्रण. क्रिकेट हा खेळ मंडळाच्या मालकीचा नाही, कोणाच्याच नाही. म्हणूनच आपल्याकडे गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसतात आणि त्यासाठी आयोजकांना क्रिकेटच्या कोणा मालकाकडे अर्ज करावा लागत नाही. ई-स्पोर्ट्समध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांमध्ये, नेमके हेच गृहीत धरता येत नाही. तिथे मैदान, चेंडू, पंचाचे नियम, खेळाडूंचे पोशाख, बंदुकीचा आवाज आणि भिंतीवर पडणारी सावलीसुद्धा एका कंपनीने लिहिलेल्या प्रणालीतून येते आणि ती प्रणाली कॉपीराइटने संरक्षित असते. स्पर्धा तुमची, खेळाडू तुमचे, बक्षिसाची रक्कम तुमची. पण पडद्यावर दिसणारे चित्र प्रकाशकाचे, म्हणजे तो खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीचे.

महाविद्यालयीन महोत्सवात, शहर पातळीवर किंवा व्यावसायिक स्तरावर स्पर्धा भरवणारे आयोजक, तसेच मराठीतून समालोचन करू इच्छिणारे कास्टर यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे. मी काही वर्षे अशा प्रक्षेपणांची तांत्रिक बाजू सांभाळली आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: सभागृह आरक्षित करण्याआधी, पोस्टर छापण्याआधी आणि प्रायोजकाला शब्द देण्याआधी प्रकाशकाचा परवाना हातात हवा. बहुतेक ठिकाणी मात्र क्रम उलटा असतो आणि परवानगीची आठवण तहान लागल्यावर विहीर खणावी तशी शेवटच्या आठवड्यात होते.

मालकी नेमकी कशाची, हे आधी समजून घ्यावे

प्रकाशकाचा हा अधिकार आला कुठून, हे ठाऊक नसले तर परवान्यातील अटी जाचक आणि मनमानी वाटतात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रणाली ही साहित्यकृतीच्या व्याख्येत येते, आणि तिच्यातून निर्माण होणाऱ्या चलत्‌चित्रांना, संगीताला व रेखाटनांना वेगवेगळे संरक्षण मिळू शकते. खेळाडू खेळत असल्यामुळे प्रत्येक सामना निराळा असतो, मग चित्र कंपनीचे कसे, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने १९८३ मध्ये मिडवे विरुद्ध आर्टिक या खटल्यात त्याचे उत्तर दिले. कंपनीने आधीच रचून ठेवलेल्या मर्यादित चित्रक्रमांतून खेळाडू निवड करतो, त्यामुळे त्याचे काम कादंबरी लिहिण्यापेक्षा दूरचित्रवाणीवरच्या वाहिन्या बदलण्याच्या अधिक जवळ जाते, असे न्यायालयाने म्हटले. आजचे खेळ त्या काळच्या पॅक-मॅनहून कितीतरी गुंतागुंतीचे आहेत आणि अव्वल खेळाडूच्या कौशल्याला ही उपमा न्याय देत नाही, असे मला मनापासून वाटते. तरीही कंपन्यांची भूमिका आजही त्याच पायावर उभी आहे.

व्यवहारात एकाच प्रक्षेपणात अनेक थर असतात. सर्वांत खाली खेळाचे चित्र आणि ध्वनी, जे प्रकाशकाचे असतात. त्यावर आयोजकाने केलेले काम येते: ऑब्झर्व्हरने (खेळातील कॅमेरा हाताळणाऱ्याने) कोणता खेळाडू कोणत्या क्षणी दाखवला, समालोचकांचा आवाज, ग्राफिक्स, रिप्ले, मंचावरील कॅमेरे. त्याशिवाय खेळाडूंचे चेहरे व नावे, पार्श्वसंगीत आणि यूट्यूबसारख्या ज्या ऑनलाइन मंचावर प्रक्षेपण होते त्याच्या अटी. वरच्या थरावर तुमचा हक्क असू शकतो, पण खालचा थर काढून घेतला की वरचा एकटा उभा राहू शकत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजत जातात.

दक्षिण कोरियाचा धडा

या विषयात ज्याला गांभीर्याने उतरायचे आहे, त्याने कोरियातील स्टारक्राफ्टचा वाद माहीत करून घ्यावा. १९९८ मध्ये बाजारात आलेला ब्लिझार्डचा हा खेळ कोरियात इतका रुजला, की त्याचे सामने दाखवणाऱ्या ऑनगेमनेट आणि एमबीसी गेम या दूरचित्रवाहिन्या उभ्या राहिल्या. खेळाडू, संघ आणि लीग यांचा कारभार केस्पा ही कोरियन संघटना पाहू लागली. २००७ मध्ये केस्पाने सामन्यांचे प्रक्षेपण हक्क वाहिन्यांना विकले. ज्या कंपनीचा खेळ, तिची संमती त्या व्यवहाराला नव्हती. लीग आम्ही वाढवली, खेळाडू आम्ही घडवले, प्रेक्षक आम्ही जमवले, ही केस्पाची बाजू होती आणि ती खोटी नव्हती. पण वाटाघाटी रेंगाळल्या. २०१० मध्ये ब्लिझार्डने केस्पाला बाजूला सारून ग्रेटेक या कंपनीला कोरियातील हक्क दिले आणि परवान्याविना सामने दाखवल्याबद्दल प्रकरण न्यायालयात गेले. मे २०११ मध्ये तडजोड झाली आणि वाहिन्यांना ब्लिझार्डचा परवाना मिळाला.

निकाल लागण्याआधीच तडजोड झाल्यामुळे ‘कायद्याने कोण बरोबर’ हे त्या खटल्यातून ठरले नाही. ठरले ते एवढेच, की दशकभर लीग चालवणाऱ्या संघटनेलाही शेवटी परवान्याच्या टेबलाशी यावे लागले. यानंतर आलेल्या कंपन्यांनी सुरुवातीपासूनच सूत्रे हातात ठेवली. रायट गेम्सने लीग ऑफ लेजेंड्सची कोरियन लीग बराच काळ ऑनगेमनेटच्या निर्मितीत चालू दिली, पण २०१९ पासून सोल येथील स्वतःच्या लोल पार्कमधून निर्मितीच आपल्याकडे घेतली. ब्लिझार्डच्याच ओव्हरवॉच लीगमध्ये तर संघ विकत घेणाऱ्यांनी मोठी रक्कम मोजली होती. तरी लीग आधी ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या मंचावर आणि २०२० पासून यूट्यूबवर दाखवायची, हा करार प्रकाशकानेच केला. ती लीग २०२३ मध्ये संपली.

पहिली पायरी: परवाना देणारा नेमका कोण, हे शोधणे

खेळ बनवणारी कंपनी, तो प्रकाशित करणारी कंपनी आणि भारतात त्याचे हक्क सांभाळणारी कंपनी या तीन वेगळ्या असू शकतात. पबजी मोबाइलचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. जगात अनेक ठिकाणी तो टेन्सेंटमार्फत चालतो; भारतात सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि पुढे क्राफ्टनने बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया (बीजीएमआय) हा स्वतंत्र खेळ स्वतःच आणला. त्यामुळे भारतातील आयोजकाने सिंगापूर किंवा चीनमधील कार्यालयाला पत्र लिहिणे व्यर्थ आहे. व्हॅलोरंट आणि लीग ऑफ लेजेंड्ससाठी रायट, काउंटर-स्ट्राइक आणि डोटा २ साठी व्हॉल्व्ह, स्ट्रीट फायटरसाठी कॅपकॉम, टेक्केनसाठी बंदाई नामको. खेळ सुरू करताना आपण न वाचता मान्य करतो त्या वापर अटींच्या अखेरीस हक्कधारक कंपनीचे नाव, नोंदणीकृत पत्ता आणि कोणत्या देशाचा कायदा लागू आहे हे लिहिलेले असते. शोधाची सुरुवात तिथून करावी.

फुटबॉलसारख्या खेळांवर आधारित गेममध्ये आणखी एक थर असतो. क्लबांची चिन्हे, लीगची नावे आणि खेळाडूंचे चेहरे प्रकाशकाने स्वतःच दुसऱ्याकडून परवान्याने घेतलेले असतात. त्यामुळे ती तुमच्या पोस्टरवर वापरण्याची मुभा प्रकाशकही देऊ शकेल असे नाही.

दुसरी पायरी: दोन निरनिराळे दस्तऐवज वेगळे करून वाचणे

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. ‘मी रोज हा खेळ स्ट्रीम करतो, कोणी अडवत नाही, मग स्पर्धेला कोण अडवणार?’ असे अनेक जण विचारतात. रोजचे वैयक्तिक स्ट्रीमिंग चालते ते प्रकाशकाच्या व्हिडिओ धोरणामुळे. त्यात सहसा खेळणाऱ्या व्यक्तीला आपला खेळ दाखवण्याची आणि मंचाच्या जाहिरातींतून उत्पन्न मिळवण्याची मुभा असते. स्पर्धा हा वेगळा विषय आहे आणि त्यासाठी स्पर्धा परवाना किंवा सामुदायिक स्पर्धांची मार्गदर्शक तत्त्वे असा स्वतंत्र दस्तऐवज असतो. पहिल्यातील मुभा दुसऱ्याला लागू होत नाही.

हे दस्तऐवज किती बारकाईने लिहिलेले असतात, याचे उदाहरण निंटेंडोचे आहे. २०१३ साली ईव्हो या लढतींच्या खेळांच्या प्रसिद्ध स्पर्धेत सुपर स्मॅश ब्रदर्स मेलीचे प्रक्षेपण कंपनीने थांबवायला सांगितले होते. चाहत्यांनी कर्करोग संशोधनासाठी देणग्या जमवून हा खेळ त्या स्पर्धेत आणला होता, त्यामुळे रोष इतका उसळला की काही तासांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. पुढे नोव्हेंबर २०२३ पासून निंटेंडोने सामुदायिक स्पर्धांचे नियमच लागू केले. अमेरिकेसाठीच्या नियमांत प्रत्यक्ष स्पर्धेला २०० आणि ऑनलाइन स्पर्धेला ३०० खेळाडूंची मर्यादा, प्रवेश शुल्क २० डॉलरपर्यंत, बक्षिसांचे एकूण मूल्य ५,००० डॉलरपर्यंत आणि प्रायोजकांना मनाई अशा अटी आल्या. याहून मोठी स्पर्धा करायची तर स्वतंत्र परवाना. चाहत्यांच्या उत्साहापुढे कंपनी एकदा नमली म्हणून दरवेळी नमेल, यावर कोणी स्पर्धेची आखणी करू नये.

अशा दस्तऐवजांत चार गोष्टींवर पेन्सिलने खूण करावी: बक्षिसाच्या रकमेची मर्यादा, प्रायोजकांबाबतचे नियम, प्रेक्षकांकडून किंवा खेळाडूंकडून पैसे घेण्याबाबतचे नियम आणि दूरचित्रवाणी अथवा सशुल्क प्रक्षेपणाचा उल्लेख. यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली, तरी सर्वसाधारण मुभा संपते आणि लेखी अर्ज करावा लागतो.

तिसरी पायरी: अर्ज

माझा सल्ला असा, की स्पर्धेच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज पाठवावा. दूरचित्रवाणी किंवा मोठा प्रायोजक असेल तर तीन महिने आधी. अर्ज लांबलचक नसावा, पण त्यात पुढील माहिती एकाच वेळी असावी, म्हणजे प्रश्नोत्तरांत आठवडे जात नाहीत: स्पर्धेच्या तारखा आणि ठिकाण, ती ऑनलाइन आहे की प्रत्यक्ष, संघांची संख्या, बक्षिसाची एकूण रक्कम आणि ती कुठून येणार, प्रवेश शुल्क व तिकीट असल्यास त्यांचे दर, प्रत्येक प्रायोजकाचे नाव आणि तो कोणत्या व्यवसायातला, प्रक्षेपण होणाऱ्या प्रत्येक वाहिनीचा दुवा, समालोचनाच्या भाषा, अल्पवयीन खेळाडू असणार का, आणि चित्रण नंतर किती काळ व कुठे ठेवणार. प्रायोजक ठरायचा असेल तर ‘ठरायचा आहे’ असे लिहावे आणि त्याच्या मंजुरीसाठी पुढे कोणाला कळवायचे ते विचारून घ्यावे.

समालोचनाची भाषा लिहायला अनेक जण विसरतात. काही परवाने ठरावीक भाषांपुरतेच मिळतात, आणि हिंदी-इंग्रजी मंजूर झाल्यावर मराठी वाहिनी आयत्या वेळी जोडणे हा अटींचा भंग ठरू शकतो.

फोनवर किंवा संदेशांत कोणी ‘करा बिनधास्त’ म्हटले, तर तो परवाना नव्हे. आपल्या कायद्याच्या कलम ३० नुसार परवाना लेखी हवा, आणि तो देणारा माणूस अधिकृत हवा. प्रकाशकाच्या विपणन विभागातील उत्साही कर्मचारी अधिकृत असेलच असे नाही. म्हणून कंपनीच्या ईमेल पत्त्यावरून आलेले आणि स्पर्धेचे नाव, तारखा व मंच नमूद असलेले उत्तर मिळेपर्यंत घोषणा करू नये.

चौथी पायरी: परवाना ओळ न ओळ वाचणे

या पायरीला घाई करू नये. एक संध्याकाळ राखून, दोघांनी मिळून, कागदावर छापून वाचावे. पुढील मुद्द्यांवर भांडणे होतात, म्हणून तिथे अधिक वेळ द्यावा.

पहिला मुद्दा चित्रणाच्या मालकीचा. तुमच्या समालोचनासह तयार झालेले चित्रण प्रकाशकाला विनामोबदला, कायमस्वरूपी वापरण्याची मुभा द्यावी, अशी अट अनेक परवान्यांत असते. ती नाकारली जाण्याची शक्यता कमी; पण वापरताना स्पर्धेचे आणि समालोचकांचे नाव द्यावे, एवढे मागून पाहावे.

दुसरा मुद्दा कालावधीचा. थेट प्रक्षेपणाची परवानगी म्हणजे संग्रहित व्हिडिओ कायम ठेवण्याची परवानगी नव्हे. तिसरा मुद्दा पुढे परवाना देण्याचा: तुम्हाला मिळालेला हक्क तुम्ही एखाद्या वाहिनीला किंवा सह-प्रक्षेपकाला देऊ शकता का? परवान्यात तसे लिहिले नसेल तर नाही, असेच समजावे. चौथा मुद्दा रद्द करण्याचा अधिकार. प्रकाशक कधीही, कारण न देता परवाना मागे घेऊ शकतो अशी ओळ जवळपास नेहमी असते. तुमच्या प्रायोजकाशी होणाऱ्या करारात या शक्यतेची तरतूद हवी, नाहीतर प्रकाशकाच्या निर्णयाचा भुर्दंड तुमच्या खिशातून जाईल.

ही शक्यता केवळ कागदोपत्री नाही. २०२२ च्या जून-जुलैत नॉडविन गेमिंग या आयोजक कंपनीची बीजीएमआय मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्सच्या वाहिनीवर थेट दाखवली गेली. भारतीय ई-स्पोर्ट्ससाठी तो मोठा टप्पा होता. स्पर्धा संपून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच २८ जुलै २०२२ रोजी सरकारी आदेशानंतर तो खेळच ॲप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. इथे प्रकाशकही हतबल होता. खेळ उपलब्ध नसेल तर प्रवेश शुल्क, सभागृहाची आगाऊ रक्कम आणि समालोचकांचे मानधन यांचे काय, हे प्रत्येक करारात आधीच लिहिलेले असावे.

पाचवा मुद्दा प्रायोजकांच्या यादीचा, आणि तो मी स्वतः अनुभवलेला आहे. काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे प्रक्षेपण मी सांभाळत होतो. परवान्यात एक साधी ओळ होती: प्रत्येक प्रायोजकाला प्रकाशकाची पूर्वमंजुरी हवी. स्पर्धेच्या दोन दिवस आधी आयोजकांनी एका पेय कंपनीला सहप्रायोजक म्हणून घेतले आणि मंजुरी मागितली नाही. उपांत्य सामना सुरू असताना ईमेल आला, की ते चिन्ह तातडीने काढावे, अन्यथा प्रक्षेपण बंद करण्यात येईल. आम्ही खालच्या पट्टीतले, मध्यंतराच्या पडद्यातले आणि गुणफलकावरचे चिन्ह काही मिनिटांत झाकले. एवढ्यात रिप्ले चालवणारा विद्यार्थी म्हणाला, “दादा, रिप्लेच्या आधी फिरते ना, त्या पट्टीतही लोगो आहे.” ती पट्टी म्हणजे सेकंदभराचा तयार व्हिडिओ होता, चिन्ह त्यात कायमचे कोरलेले. उरलेली स्पर्धा आम्ही एकाही रिप्लेविना दाखवली, आणि निर्णायक फेरीतील ज्या क्षणासाठी ती मुले महिनाभर राबली होती, तो प्रेक्षकांना पुन्हा पाहता आला नाही. तेव्हापासून मी प्रायोजकाचे चिन्ह कोणत्याही तयार व्हिडिओत कधीच घालू देत नाही. ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चिन्ह स्वतंत्र सोर्स (घटक) म्हणून ठेवावे, त्याला प्रायोजकाचे नाव द्यावे आणि सर्व प्रायोजक एका बटणावर लपवता येतील अशी रचना आधीच करून ठेवावी.

पाचवी पायरी: खालचे करार

प्रकाशकाशी करार झाला की काम निम्मे होते. उरलेले निम्मे खेळाडू, समालोचक, ऑब्झर्व्हर आणि संगीत यांच्याबाबतचे असते.

खेळाडूंकडून नाव, चेहरा, आवाज आणि खेळ दाखवण्याची लेखी संमती नोंदणीच्या वेळीच घ्यावी. भारतीय करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही, त्यामुळे त्यांच्या पालकांची सही अनिवार्य समजावी. आपल्या कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’ची व्याख्या विस्तृत आहे, तिच्यात कसरतपटू आणि गारुडीसुद्धा येतात, आणि प्रयोग सादर करणारी अन्य कोणतीही व्यक्तीही येते. या व्याख्येच्या आधारे ई-स्पोर्ट्स खेळाडूलाही काही हक्क असावेत, असा युक्तिवाद करता येतो आणि तो व्हावा असे मला वाटते. तूर्तास लेखी संमती हाच सर्वांच्या हिताचा मार्ग आहे. २०१५ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सचा विख्यात खेळाडू फेकर याचे सामने एका चाहत्याने खेळातील प्रेक्षक सुविधेतून ट्विचवर अखंड दाखवायला सुरुवात केली. फेकरचा करार असलेल्या अझुबू या मंचाने कॉपीराइटचा दावा केला, पण त्या चित्रावर मालकी अझुबूची नव्हतीच, फेकरचीही नव्हती. शेवटी हस्तक्षेप केला तो रायटने. स्वतःच्या खेळाचे चित्र थांबवण्यासाठी जगातील सर्वोत्तम खेळाडूलाही प्रकाशकाकडेच पाहावे लागले.

समालोचकांच्या करारात दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: त्यांचा आवाज असलेले चित्रण किती काळ वापरणार आणि ते स्वतः त्यातील छोटे भाग आपल्या वाहिनीवर टाकू शकतात का. कालावधी आणि प्रदेश लिहिले नाहीत, तर आपल्या कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क पाच वर्षांसाठी आणि भारतापुरतेच दिले असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील किंवा आखातातील मराठी प्रेक्षकांसाठी काही करायचे असेल तर हे महत्त्वाचे ठरते.

संगीताबाबत थोडक्यात: चित्रपटगीत लावू नये. सभागृहात गाणी वाजवण्याचा परवाना आणि ती इंटरनेटवर प्रक्षेपित करण्याचा परवाना या वेगळ्या बाबी आहेत. खेळात परवान्याने घेतलेली गाणी असतील, तर ती बंद करण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे का ते आदल्या दिवशी पाहावे.

मराठी समालोचन आणि सह-प्रक्षेपण

ज्यांना स्वतःची स्पर्धा भरवायची नाही, पण मोठ्या स्पर्धेचे मराठीतून वर्णन करायचे आहे, त्यांच्यासाठी हा भाग आहे, आणि तो माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. “शेवटचा गडी उरलाय, बॉम्ब लावलाय, आणि घड्याळात सात सेकंद!” हे वाक्य मराठीत ऐकल्यावर सभागृहात जो गलका होतो, तो मी ऐकला आहे. ही भाषा या खेळांसाठी पुरेशी आहे, तिला फक्त परवानगीच्या दारातून रीतसर आत यावे लागेल.

इथे व्हॉल्व्हने घालून दिलेला दंडक अभ्यासण्यासारखा आहे. जानेवारी २०१८ मध्ये मलेशियात झालेल्या ईएसएल वन गेंटिंग या डोटा २ स्पर्धेचे हक्क फेसबुककडे होते. अनेक समालोचकांनी खेळातील डोटा टीव्ही सुविधेतून सामने पाहत ट्विचवर आपापले वर्णन सुरू केले आणि आयोजकांनी त्यांच्यावर कॉपीराइटच्या तक्रारी केल्या. व्हॉल्व्हने स्पष्ट केले, की आयोजकांचे स्वतःचे काम, म्हणजे त्यांच्या कॅमेऱ्याच्या हालचाली, त्यांचा आवाज आणि तत्सम सामग्री न वापरता कोणी डोटा टीव्हीवरून दाखवत असेल, तर त्याविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार फक्त व्हॉल्व्हला आहे. त्याच वेळी अशा स्ट्रीमने व्यावसायिक स्वरूप घेऊ नये, प्रायोजकांची चिन्हे लावू नयेत आणि मुख्य प्रक्षेपणाशी थेट स्पर्धा करू नये, हीही कंपनीची अट होती. आयोजकाने विकलेला ‘एकमेव हक्क’ प्रकाशकाने दिलेल्या मुभेपेक्षा मोठा असू शकत नाही, हे या प्रकरणात लख्ख दिसले. आयोजकांनीही यातून शिकावे: मंचाला अनन्य हक्क विकताना ते आपल्याकडे खरोखर आहेत का, हे आधी तपासावे.

२०१८ ची ही मुभा डोटा २ पुरती होती. ती इतर खेळांना आपोआप लागू होत नाही. इतरत्र सह-प्रक्षेपणासाठी आधी नाव नोंदवावे लागते. परवानगी मिळाल्यावर मुख्य प्रक्षेपणातील प्रायोजकांच्या पट्ट्या झाकू नयेत, ठरवून दिलेला विलंब कमी करू नये आणि मध्यंतरातील जाहिराती वगळू नयेत.

प्रक्षेपणाच्या दिवशी

निर्मिती कक्षात एका माणसाकडे फक्त परवान्याचे काम असावे. त्याच्याजवळ परवान्याची छापील प्रत, प्रकाशकाच्या संपर्क व्यक्तीचा क्रमांक आणि वाहिनीचा ईमेल उघडलेला असावा. शक्य असेल तर वाहिनीचा दुवा प्रकाशकाला आधीच कळवून ती त्यांच्या स्वयंचलित तपासणीतून वगळून घ्यावी. स्पर्धा सुरू होण्याआधी तासभर खासगी स्वरूपात प्रक्षेपण चालवून पाहावे. आवाजावरील दावा बहुधा त्यातच लक्षात येतो.

तरीही तक्रार आलीच, तर आधी ती नेमकी कोणाची आणि कशाबद्दल आहे ते वाचावे. यूट्यूबवर स्वयंचलित दावा (प्रणालीने आपोआप ओळखलेल्या सामग्रीवरचा) आणि कॉपीराइट स्ट्राइक (हक्कधारकाच्या तक्रारीवरून वाहिनीला मिळणारा इशारा) यांत मोठा फरक आहे. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर वाहिनीच बंद होऊ शकते. तक्रार प्रकाशकाची असेल तर वाद न घालता संपर्क व्यक्तीला परवाना क्रमांकासह कळवावे, कारण अनेकदा त्यांच्याच दुसऱ्या विभागाला तुमच्या परवान्याची कल्पना नसते. तक्रार तिसऱ्याच कोणाची असेल आणि तुमची बाजू पक्की असेल, तरच प्रतिनोटीस, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचे औपचारिक उत्तर, द्यावी. अमेरिकी कायद्याखालील प्रतिनोटीस ही शपथेवर केलेली असते आणि ती देताना तिथल्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय ते बटण दाबू नये. भारतात कॉपीराइट नियम, २०१३ च्या नियम ७५ खाली तक्रारीनंतर मध्यस्थाने (म्हणजे यूट्यूबसारख्या मंचाने) ३६ तासांत सामग्री रोखायची असते, आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा खुली करता येते. थेट सामन्यासाठी मात्र २१ दिवस म्हणजे सामना संपून गेलेला असतो.

बक्षीस आणि प्रवेश शुल्काबाबत एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ऑनलाइन गेमिंगच्या २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला स्वतंत्र स्थान दिले. स्पर्धेत उतरण्यापुरते किंवा व्यवस्थापन खर्चापुरते शुल्क आणि कामगिरीवर आधारित बक्षीस त्यात बसते. पैज वा सट्टा बसत नाही. प्रक्षेपणाच्या चॅटमध्ये सट्ट्याच्या जाहिराती टाकणारे लोक येतातच, त्यांना तत्काळ हटवण्यासाठी एक नियंत्रक बसवावा. परवाना देणाऱ्या प्रकाशकाचेही तिकडे लक्ष असते.

स्पर्धेनंतर

सामने संपल्यावर आठवडाभरात प्रकाशकाला अहवाल पाठवावा: किती तास प्रक्षेपण झाले, किती जणांनी पाहिले, कोणते प्रायोजक दिसले. पुढच्या वर्षीच्या अर्जाला याचा जेवढा उपयोग होतो, तेवढा कोणत्याही ओळखीचा होत नाही. समालोचकांचा आवाज, मंचावरील कॅमेरे आणि खेळाचे चित्र हे तिन्ही प्रवाह रेकॉर्डिंगमध्ये वेगवेगळे ठेवले असतील, तर परवाना संपल्यावरही मुलाखती आणि सभागृहातील दृश्ये तुमच्या हाती राहतात. आमच्याकडे प्रत्येक हार्ड डिस्कवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर स्पर्धेचे नाव आणि त्याखाली लाल शाईने परवाना संपण्याची तारीख लिहिलेली असते. त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी एक जण वाहिनीवर जाऊन ज्या व्हिडिओंचा काळ संपत आहे ते खासगी करतो आणि मुदतवाढीचा अर्ज गेला आहे की नाही ते पाहतो.